आणखी वाचा

परिपत्रक आलं सोमवारी. लिफ्टच्या धंद्यातल्या माणसानं सोमवारी परिपत्रक वाचायचं नसतं, कारण शनिवार-रविवारी रुसलेल्या सगळ्या लिफ्ट सोमवारी सकाळीच बोंब मारतात. तरी मिलिमीटररावांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. कंपनीत प्रशिक्षणप्रमुखाची जागा निघाली होती.

मिलिमीटरराव हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नाही. लिफ्ट मजल्यावर येऊन थांबली की तिची फरशी आणि मजल्याची फरशी यांत थोडा फरक राहतो. कंपनीचा नियम दहा मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो. हे गृहस्थ मात्र फरक दोनच्या वर दिसला की पुन्हा जिने चढून यंत्राच्या खोलीत जातात. बरोबरच्या माणसांच्या कित्येक जेवणाच्या सुट्ट्या त्या उरलेल्या आठ मिलिमीटरांत गेल्या, आणि त्या माणसांनी सूड म्हणून हे नाव ठेवलं. सव्वीस वर्षांत ते इतकं रुजलं, की पगाराच्या कागदावरचं खरं नाव वाचून हा कोण बुवा, असं खुद्द त्यांनाच क्षणभर वाटे.

प्रशिक्षणप्रमुखानं करायचं काय, तर नव्यानं लागलेल्या मेकॅनिकना शिकवायचं. ही जागा याआधी दोनदा निघाली होती आणि दोन्ही वेळा मिलिमीटररावांना 'पुढच्या वेळी नक्की' असं सांगण्यात आलं होतं. पहिल्यांदा ती मिळाली एका पदवीवाल्याला आणि दुसऱ्यांदा एका बोलघेवड्याला. आता निवृत्तीला चार वर्षं उरली होती, म्हणजे पुढची वेळ हीच. त्यांना ती जागा मनापासून हवी होती. ब्रेक झिजायला लागला की तो आधी कसा आवाज करतो, दोर ताणला गेलाय हे नुसता हात लावून कसं कळतं, असलं पुष्कळ काही त्यांच्या डोक्यात होतं. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं आणि चार वर्षांनी त्यांच्याबरोबर घरी जाऊन बसणार होतं. या विचारानं त्यांना अधूनमधून जेवण गोड लागत नसे.

सगळं छान होतं, फक्त अट क्रमांक सात सोडून. उमेदवाराची व्यावसायिक समाजमाध्यमावर ठळक उपस्थिती असावी, असं ती अट म्हणत होती. किमान दोनशे संपर्क, तीन शिफारशी आणि स्वतःच्या अनुभवावर आधारित एक लेख. या सगळ्याच्या छापील प्रती तीन, प्रत्येक पानावर उमेदवाराची सही. जे छापायचं नाही म्हणून निर्माण झालं त्याच्या तीन छापील प्रती मागण्याची अक्कल फक्त मनुष्यबळ विभागाकडे असते.

मिलिमीटररावांची उपस्थिती आजवर लिफ्टच्या खड्ड्यात आणि इमारतींच्या गच्चीवर होती. ठळक म्हणाल तर कपड्यांवरच्या ग्रीसच्या डागांपुरती. शिवाय आपली पाठ आपणच थोपटायची ही गोष्ट त्यांच्या प्रकृतीला मानवणारी नव्हती. कुठल्याही चांगल्या गोष्टीला ते 'वाईट नाही' म्हणत. नवा पडदा वाईट नाही, पुतणीचा निकाल वाईट नाही, आणि लग्नाआधी बायकोला बघून आल्यावर आईनं विचारलं तेव्हाही त्यांनी हाच अभिप्राय दिला होता. बायकोला ही गोष्ट सासूकडूनच कळली आणि ती तिनं अजून सोडलेली नाही.

पण बायको कामाला लागली. तिची धाकटी बहीण, म्हणजे मिलिमीटररावांची मेहुणी, लोकांना स्वतःची ओळख कशी निर्माण करावी याचे वर्ग घेत असे. ती रविवारी आली, जेवली, आणि भाऊजींना खिडकीपाशी बसवून त्यांचे फोटो काढू लागली. छातीवर हाताची घडी घाला, मान किंचित तिरपी करा, आत्मविश्वासानं हसा, असं ती सांगत गेली. सव्वीस वर्षं बंद दारांमागे अडकलेल्या माणसांना धीर देणाऱ्या चेहऱ्याला हसणं जमेना. शेवटी ओळखपत्रावरचाच फोटो घालायचं ठरलं. संकेतस्थळानं तो तीनदा परत पाठवला, कारण त्यात डोळे मिटलेले आहेत असं त्याचं म्हणणं पडलं. डोळे उघडे होते. ते तसेच आहेत.

मग हुद्द्याखाली एक ओळ लिहायची होती. मिलिमीटररावांनी सांगितलं, लिफ्ट दुरुस्ती. मेहुणीनं कपाळाला हात लावला.

"भाऊजी, तुम्ही लिफ्ट दुरुस्त करत नाही. तुम्ही माणसांना उंचीवर नेता."

"खालीही आणतो," मिलिमीटरराव म्हणाले. "निम्मी माणसं खाली यायलाच बसतात."

मेहुणीनं 'उंची गाठून देणारा अनुभवी नेता' असं लिहून टाकलं आणि खातं उघडून दिलं. खात्याला फोन नंबर तिनं स्वतःचाच दिला, कारण भाऊजी सांकेतिक क्रमांक वाचेपर्यंत त्याची मुदत संपत होती. ही गोष्ट तेव्हा कुणालाच महत्त्वाची वाटली नाही. त्यानंतर फोनमधल्या सगळ्या नंबरांना एकदम निमंत्रण गेलं. त्यात पाण्याचं फिल्टर बसवणारा होता, जुना घरमालक होता, आठ वर्षांपूर्वी ज्याच्याशी बोलणं टाकलं तो नळवाला होता, आणि बायकोचे दाताचे डॉक्टर होते. नळवाल्यानं सगळ्यात आधी स्वीकारलं.

आठवड्याभरात दोनशे सात संपर्क झाले. लोक मिलिमीटररावांच्या अंगच्या गुणांना दुजोरा देऊ लागले. दाताच्या डॉक्टरांनी नेतृत्वाला दिला. साडूंनी वक्तृत्वाला दिला. साडूंनी त्यांचं एकच भाषण ऐकलं होतं, ते स्वतःच्या लग्नात, आणि ते 'जेवून घ्या' एवढंच होतं.

राहिल्या शिफारशी. दोन इमारतींच्या सचिवांनी दिल्या. तिसरी द्यायला मिलिमीटररावांच्याच इमारतीच्या अध्यक्षबाई तयार झाल्या; तिथली लिफ्टही तेच सांभाळत. या निवृत्त मुख्याध्यापिका, सातव्या मजल्यावर एकट्या राहायच्या, आणि सगळी इमारत त्यांना नुसतं बाई म्हणायची. बत्तीस वर्षं त्यांनी व्याकरण शिकवलं होतं आणि इमारतीच्या सूचनाफलकावर त्यांच्या लाल शाईतून कुणी सुटत नसे. त्यांनी शिफारस लिहिली ती अशी: 'वर्तणूक समाधानकारक. नियमितपणा उत्तम. चारचौघांत बोलण्याचा सराव करावा.' मेहुणीनं शेवटचं वाक्य काढायला सांगितलं, पण बाईंच्या लेखनात हात घालण्याची छाती कुणाची?

आता उरला लेख. मेहुणीनं फोनवरून एकच मंत्र दिला. पहिल्या ओळीत वाचकाची मानगूट धरायची, बाकी कुणी वाचत नाही. एवढं सांगून ती दहा दिवसांच्या मौन-शिबिराला निघून गेली. तिथे फोन प्रवेशद्वारापाशी काढून घेत. जगाला सतत संपर्कात राहा म्हणून शिकवणारी बाई स्वतः वर्षातून दोनदा मौनात जाते, यावर पुष्कळ बोलता येईल, पण ते पुन्हा कधीतरी.

कंपनीच्या संगणकांवर असली संकेतस्थळं बंद असतात. उमेदवारांसाठी बुधवारी दुपारी एक तास ती उघडण्यात आली. मिलिमीटरराव हात धुऊन बसले. मनातलं वाक्य जुळवायला त्यांना वीस मिनिटं लागली. 'मी कामात चांगला आहे' असं लिहायला बोट वळेना, वळलं तरी लगेच खोडावंसं वाटे. शेवटी त्यांच्या स्वभावाला साजेसं वाक्य निघालं आणि त्यांना ते वाईट वाटलं नाही.

'सव्वीस वर्षांत मी एकही लिफ्ट नीट दुरुस्त केली नाही, असं माझं वाईट चिंतणारा माणूससुद्धा म्हणू शकणार नाही.'

त्याखाली ब्रेक, दोर, फरशीची पातळी, सगळं तपशीलवार लिहिलं. संगणकाच्या रुंद पडद्यावर सगळं एका नजरेत दिसत होतं. त्यांनी ते दोनदा तपासलं, एक स्वल्पविराम हलवला आणि लेख जगापुढे ठेवला. तास संपला. संकेतस्थळ बंद झालं.

आता झालं असं, की जग काही रुंद पडद्यावर वाचत नाही, हातातल्या फोनवर वाचतं. आणि फोनवर ते संकेतस्थळ दीड ओळ दाखवून बाकीचा मजकूर दुमडून ठेवतं. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो, आणि नकाराचा नकार त्याच्याही नंतर, हे त्या संकेतस्थळाला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं बरोबर पहिल्या 'नाही'वर घडी घातली. म्हणजे फोनवर दिसत होतं ते एवढंच:

'सव्वीस वर्षांत मी एकही लिफ्ट नीट दुरुस्त केली नाही, … आणखी वाचा'

आणि आणखी वाचतो कोण? शितावरून भाताची परीक्षा करायची आपली जुनी खोड.

गुरुवारी सकाळी मिलिमीटरराव कामाला निघाले तेव्हा जिन्यात गर्दी होती. चौथ्या मजल्यावरचं कुटुंब शाळेच्या दप्तरांसकट पायी उतरत होतं. दुसऱ्या मजल्यावरचे विमा-सल्लागार भिंतीला धरून उभे होते. त्यांनी मिलिमीटररावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि झालं ते झालं, आता निदान पॉलिसी तरी वाढवा, असा सल्ला दिला. तळमजल्यावर लिफ्टच्या दारावर लाल शाईतली सूचना होती: 'सदर लिफ्ट वापरू नये. ती नादुरुस्त असल्याचे संबंधितांनी स्वतःच जाहीर केले आहे. – अध्यक्ष.' मिलिमीटररावांनी सूचना वाचली, लिफ्टचं दार उघडून आत पाहिलं, फरशीवर बोट फिरवलं. दीड मिलिमीटर. त्यांना काहीच कळेना.

कळलं ते बायकोच्या फोननं. रात्रीतून चार हजार लोकांनी तो लेख पसंत केला होता. 'अशी कबुली द्यायला वाघाचं काळीज लागतं,' असं रंगाच्या कंपनीतल्या एका अनोळखी माणसानं लिहिलं होतं. 'डोळे पाणावले' असं अकरा जणांनी. एका वकिलानं आपला नंबर देऊन लिफ्टमध्ये दुखापत झालेल्यांनी निःसंकोच संपर्क साधावा असं कळवलं होतं. नळवाल्यानं लिहिलं होतं, 'मी हे आठ वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.'

मिलिमीटररावांनी फोन टेबलावर पालथा घातला. सव्वीस वर्षांत कुणी त्यांच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं, आणि आता चार हजार लोक नाव ठेवून वर कौतुक करत होते. त्यांना फार लागलं. रागावण्यासारखं कुणी समोर असतं तर बरं झालं असतं, पण वाक्य त्यांचंच होतं.

दुरुस्ती करावी म्हटलं तर फोनवरून खातं उघडेना. सांकेतिक क्रमांक मेहुणीच्या फोनवर जात होता, आणि मेहुणीचा फोन शिबिराच्या प्रवेशद्वारापाशी एका टोपलीत पडला होता. शिबिरात निरोप ठेवला तर मौन भंग होईल म्हणून तो दिला जाणार नव्हता. कंपनीच्या संगणकावरून करावं म्हटलं तर संकेतस्थळ बंद. ते पुन्हा उघडायला अर्ज, अर्जावर विभागप्रमुखाची सही, आणि विभागप्रमुख रजेवर. त्यांच्या जागी सही करणार कोण, असं विचारल्यावर कळलं की तो अधिकार प्रशिक्षणप्रमुखाला आहे. ती जागा रिकामी होती. तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

बायकोनं पदर खोचला, म्हणजे मनातल्या मनात, आणि स्वतःच्या खात्यावरून लेखाखाली लिहिलं: 'असं काही नाही. यांनी सगळ्या लिफ्ट नीट केल्या आहेत. कृपया पूर्ण वाचावे.' दहा मिनिटांत तिला उत्तर आलं: 'प्रत्येक प्रामाणिक माणसामागे अशी खंबीर साथ देणारी पत्नी असते.' ते उत्तर तीनशे बारा लोकांनी पसंत केलं. संध्याकाळी तिला तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला, की धीरानं घे.

शुक्रवारी कंपनीतल्या प्रेरकनं उडी घेतली. हा विक्री विभागातला तरुण माणूस, त्याच जागेचा दुसरा उमेदवार. त्याला नऊ हजार संपर्क होते आणि तो रोज सकाळी जगाला काहीतरी शिकवत असे, म्हणून त्याचं हे नाव. लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत तो एकदाच गेला होता, फोटो काढायला. त्यानं लिहिलं की वरिष्ठ सहकाऱ्याच्या कबुलीनं आपण आज रडलो आणि त्यातून पाच गोष्टी शिकलो. पाचही गोष्टी स्वतःविषयी होत्या. जेवणाच्या सुट्टीत तो मिलिमीटररावांसमोर येऊन बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, सर, तुम्ही मला मागे टाकलंत. याचं त्याला खरोखरच वाईट वाटत होतं, आणि मिलिमीटररावांना पहिल्यांदाच त्याची थोडी दया आली.

सोमवारी मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. मिलिमीटररावांनी घरून निघताना इस्त्रीचा शर्ट घातला. काढून टाकणारच आहेत तर निदान चुरगळलेलं नको, असा त्यामागे विचार होता.

पण मोठे साहेब उठून दारापर्यंत आले. त्यांनी चहा मागवला. तीन मोठ्या बांधकाम कंपन्यांनी आपणहून फोन केले होते. ज्या कंपनीचा माणूस इतकं खरं बोलतो तिच्याच लिफ्ट बसवायच्या, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेरीला सगळ्या लिफ्ट कंपन्यांचं संमेलन होतं, त्यात मिलिमीटररावांनी वीस मिनिटं बोलायचं. विषय, 'माझ्या सव्वीस वर्षांच्या चुका'. आणि प्रशिक्षणप्रमुखाची जागा अर्थातच त्यांची. हुकूम टाइप होत होता. बुधवारी घेऊन जायचा, येताना चुकांची यादी आणायची.

मिलिमीटररावांनी सांगायचा प्रयत्न केला, की साहेब, तशा चुका झालेल्या नाहीत. साहेब हसले आणि म्हणाले, विनय पुरे आता.

घरी आल्यावर बातमी ऐकून बायको मटकन खुर्चीत बसली. अकरा वर्षं या जागेची वाट पाहिली होती. ती म्हणाली, मिळतेय ना, मग कशी का मिळेना. लोक काय आज वाचतात, उद्या विसरतात. यादीचं काय, बसू आपण दोघं. आणि मंगळवारी संध्याकाळी ती दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसली. बायकोनं भराभर चौदा चुका सांगितल्या, त्यांतली एकही लिफ्टबद्दल नव्हती. मिलिमीटररावांना बऱ्याच वेळानं एक आठवली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका लिफ्टच्या डोक्यावर ते पान्हा विसरून आले होते. आठवल्याबरोबर पुन्हा जाऊन तो आणला होता. वहीत क्रमांक एक घालून त्यांनी ते लिहिलं आणि क्रमांक दोनपाशी पेन थांबलं ते थांबलंच.

"खोट्या घाला चार," बायको म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

मिलिमीटररावांनी पेनाला टोपण घातलं. पहिल्या दिवशी वर्गात वीस नवे मेकॅनिक बसतील, असं त्यांना दिसत होतं. साहेब ओळख करून देतील: हे तुमचे शिक्षक, यांनी आयुष्यात एकही लिफ्ट नीट केली नाही. मग आपण उभं राहून दोनच मिलिमीटर का हवेत ते सांगायचं. पोरं कशाला ऐकतील? आणि का ऐकावं? ज्यासाठी ती जागा हवी होती, नेमकं तेच तिच्यात उरणार नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

बुधवारी साहेबांच्या टेबलावर हुकूम होता. कंपनीचा शिक्का, खाली सही, आणि वर मिलिमीटररावांचं खरं नाव, बाजूला 'प्रशिक्षणप्रमुख'. त्यांनी तो हातात घेतला. कागद चांगला जाड होता. त्यांनी तो अख्खा वाचला, कारण ते सगळंच अख्खं वाचतात, आणि मग हळूच पुन्हा टेबलावर ठेवला.

"साहेब, एक विनंती आहे. ते माझं वाक्य तेवढं पूर्ण वाचाल?"

साहेबांनी फोन काढला. 'आणखी वाचा'वर बोट ठेवलं. त्या बोटाकडे मिलिमीटरराव बघत राहिले, कारण आठवडाभरात ते पहिलंच बोट असावं. साहेबांनी वाक्य एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं वाचलं, आणि 'नाही' आणि 'नाही' यांची बोटांवर बेरीज केली.

"म्हणजे तुमच्या लिफ्ट नीट चालतात?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

साहेबांनी फोन खाली ठेवला. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

"मग यात सांगण्यासारखं काय आहे?"

मिलिमीटररावांनी विचार केला. लिफ्ट वर जाते, खाली येते, मजल्याला लागून थांबते, दार उघडतं, माणूस आपल्या घरी जातो. सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आणि तसं ते नसावं म्हणूनच सव्वीस वर्षं राबावं लागलं होतं. पण हे साहेबांपुढे मांडायला त्यांना जमलं नाही. ते 'काही नाही, साहेब' म्हणाले आणि उठले. विचार करून कळवतो, असं साहेब म्हणाले आणि हुकूम खणात गेला.

विचार दीड तासात झाला. दुपारी प्रेरक पेढे वाटल्यासारखा हात हलवत सगळ्या विभागांतून फिरला. मिलिमीटररावांनी त्याचं अभिनंदन केलं. त्यानं त्यांचे हात हातात घेतले आणि पातळी-बितळी काय असते ते जरा सांगाल का, म्हणून विचारलं, पण मग त्याचा फोन वाजला.

मिलिमीटरराव संध्याकाळी घरी परतले. बायकोला कसं सांगायचं, हे त्यांनी रस्ताभर जुळवून पाहिलं आणि एकही वाक्य सरळ होईना. इमारतीत शिरले तर लिफ्टवर ती लाल सूचना तशीच. जिन्याच्या पहिल्याच वळणावर बाई पायरीवर बसल्या होत्या. शेजारी भाजीची जड पिशवी, हातात गुडघा. सातवा मजला अजून सहा मजले लांब होता. गेले सात दिवस त्या रोज चढत होत्या, आणि हट्टानं चढत होत्या, कारण सूचना त्यांनीच लावली होती.

मिलिमीटरराव पिशवी उचलायला वाकले. बाईंनी ती सोडली नाही. त्यांनी वर्गात एखाद्याला उभं करावं तसं त्यांच्याकडे पाहिलं.

"मी ते काल पूर्ण वाचलं," त्या म्हणाल्या. "गुडघा शेकत बसले होते म्हणून वाचलं. बत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आले, की वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. तो माझा अपराध. आता तुमचा सांगा. ही लिफ्ट कशी आहे? सरळ बोला."

मिलिमीटररावांच्या तोंडाशी नेहमीचं 'वाईट नाही' आलं. त्यांनी ते गिळलं. मान खाली घातली आणि पायरीकडे बघून म्हणाले,

"ही लिफ्ट मी उत्तम ठेवली आहे."

बाईंनी बोटं मोजली.

"सहा शब्द. एकही नकार नाही. मग हे तिथं का नाही लिहिलंत?"

"लाज वाटली, बाई."

जिन्यात कुणी नव्हतं. वरच्या कुठल्या तरी मजल्यावर कुणीतरी धापा टाकत चढत होतं, तेवढाच आवाज. बाईंनी पिशवी मिलिमीटररावांच्या हातात दिली, कठड्याला धरून उठल्या, आल्या पायऱ्या उतरून तळमजल्यावर गेल्या आणि लिफ्टच्या दारावरचा कागद काढून त्याची चौघडी घडी केली. मग आत शिरल्या आणि मिलिमीटररावांना जागा व्हावी म्हणून थोड्या बाजूला सरकल्या.

"सातवा दाबा," त्या म्हणाल्या.

लिफ्ट वर गेली. सातव्या मजल्यावर ती थांबली, दार उघडलं, आणि बाई पिशवी घेऊन, खाली न बघता, बाहेर पडल्या.